भुऱ्याची मालिश

गेल्या मंगळवारी आमचा भुऱ्या गेला. अकरा वर्षांचा कुत्रा, लोधीपुऱ्यात आमच्या ओट्यावरच लहानाचा मोठा झालेला... हे लिहायला मला पाच दिवस लागले.

महिन्याभरापूर्वी त्याचे मागचे पाय आखडले. डॉक्टर म्हणाले, सकाळ-संध्याकाळ हलक्या हातानं मालिश करा, रक्त फिरेल, स्नायू मोकळे होतील, दुखणंही कमी होईल. पुढेही काही सांगत होते, पण तेवढ्यात शाळेतून फोन आला आणि मी "हो हो" करत बाहेर पडले.

घरी येऊन आईला सांगितलं, रोज मालिश करायची आहे. आई एकदम खूश! गल्लीतली निम्मी पोरं तिच्या हाताखालून गेलेली. लगेच तेल तापवलं, त्यात लसणाच्या पाकळ्या आणि ओवा, बाळांसाठी करते अगदी तसंच. मी समोर उभी होते... आपल्याकडे मालिश म्हणजे तेल आलंच, मला मेलीला कुठली शंका यायला!

पंधराव्या दिवशी भुऱ्या उठला. आईच्या मागे मागे ओट्यापासून नळापर्यंत चालत गेला. "देखा? माझ्या हातात अजून जान आहे," असं म्हणून आईनं पदर डोळ्यांना लावला.

मग त्याचं खाणं सुटलं. हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या, लघवी लालसर व्हायला लागली. डॉक्टरांनी त्याचं अंग हुंगलं आणि विचारलं, "तेलात लसूण होता? मॅडम, कोरड्या हातानं करा म्हटलं होतं ना... कुत्रा अंग चाटतो, लसूण त्याच्या रक्ताला बाधतो." तिसऱ्या दिवशी तो गेला.

आईला वाटतं, वय झालं होतं. "जाताना चार पावलं तर सुखानं चालला," असं येईल त्याला सांगते... मी मान डोलावते. त्याच आधारावर ती दोन घास खातेय.

काल शेजारच्या बाळासाठी तिनं पुन्हा तेल तापवलं. लसणाचा वास घरभर पसरला. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडले.

कुत्र्याला मालिश जरूर करा. खरंच आराम पडतो, मी डोळ्यांनी पाहिलंय. फक्त हात कोरडे ठेवा, आणि डॉक्टर बोलत असताना फोन उचलू नका.

आई फेसबुकवर नाही, म्हणून इथे लिहितेय... गल्लीतल्यांनो, हात जोडते, हे तिच्यापर्यंत पोचू देऊ नका. चूक माझी आहे, तिच्या हातांना त्या चुकीचा डाग नको.