शाकंभरीला मी रंजना केलं

देवीची मी पक्की भक्त, असं चारचौघांत सांगत फिरायचे. आज तसं म्हणायला जीभ रेटत नाही. देवीचं नाव आपल्या पायांनी माझ्या घरात आलं होतं आणि मीच ते पुसलं.

सून आली तेव्हा तिचं नाव शाकंभरी. दुष्काळात माणसं अन्नाविना तडफडताना पाहून देवी ढसाढसा रडली, मग आपल्याच अंगातून भाजीपाला उगवून तिनं सगळ्यांना जगवलं, ती शाकंभरी. पौषातल्या पुनवेला, देवीच्याच दिवशी पोर जन्मली म्हणून तिच्या आईनं हौसेनं ठेवलेलं. पण आमच्याकडे राहनाळ गावात सुनेचं नाव बदलायची रीत. तांदळाच्या ताटात अंगठीनं मी 'रंजना' लिहायला लावलं. लोकांना म्हटलं, नाव फार लांबलचक आहे. खरं कारण निराळंच. देवीचं नाव घेऊन सुनेला 'मेले, सटवे' कसं म्हणायचं? म्हणजे बघा, तिची हळद उतरायच्या आधीच माझी शिव्यांची तयारी झाली होती! पुढं घातल्याही भरपूर. वर्षाच्या आत तिची आई वारली, तेव्हाही चार दिवसांवर माहेरी राहू दिलं नाही.

अठ्ठ्याऐंशीच्या सुमाराला तिचे दिवस भरले. मुलगा कापडाच्या लूमवर पहिल्या शिफ्टला, म्हणून मीच रिक्षातून तिला भिवंडीच्या दवाखान्यात नेलं. मी पाणी आणायला गेले, तेवढ्यात तिनं नर्सला नाव सांगितलं. बाळ आडवं होतं. तिला आत नेलं आणि मी बाकावर डोळे मिटून देवीचा धावा करत बसले.

"शाकंभरीचे नातेवाईक कोण?" नर्सनं दोनदा विचारलं. मी ऐकलं. असेल कुणीतरी, म्हणून हललेसुद्धा नाही.

शेजारी तिथल्याच निजामपुऱ्याची एक बुरखेवाली बाई होती. तिनं माझा खांदा हलवला. "खाला, आपकी बहू को पुकार रहे हैं."

"आमची रंजना हाय, बाई."

"नहीं. आप पानी लेने गई थीं, वो दर्द में थी, मैंने हाथ पकड़ा, नाम पूछा. बोली, शाकंभरी. माँ ने रखा है."

मी तशीच उठले. धावत जाऊन ऑपरेशनच्या कागदावर अंगठा दिला. आणखी उशीर झाला असता तर दोघीही हाती लागल्या नसत्या, असं डॉक्टर म्हणाले. नात झाली. बाहेर येऊन पाहते तर ती बाई निघून गेलेली. ती कोण होती यावर मला वाद घालायचा नाही. माझ्या सुनेचं नाव तिला ठाऊक होतं आणि मी ते विसरले होते, एवढं खरं.

घरी आल्यावर मी पहिल्यांदा हाक मारली, "शाकंभरी."

बाळाला पाजता पाजता ती थांबली. रागावली नाही, पण डोळे भरले. "आई, ह्या नावानं माझी आय हाक मारायची. ती न्हाय आता. तुमी रंजनाच म्हना."

देवी, दोन जीव तू मला परत दिलेस, तुझे उपकार फिटायचे नाहीत. ते नाव मात्र तुझ्याकडे मागणार नाही. ते तिचं आहे, तिला द्यावंसं वाटेल तेव्हा ती देईल. तोवर मी रंजनाच म्हणते.