सावलीत बसून आलेला थकवा

"तुझे डोळे अगदी चांगले आहेत," असं कर्जतच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं आणि मला रडू कोसळलं. बाहेर बाकावर बसलेल्या बाया माझ्याकडे बघायला लागल्या. चांगली बातमी ऐकून रडणारी मुलगी त्यांनी पहिल्यांदाच पाहिली असावी. मला चष्मा हवा होता. चष्मा लागला असता तर माझ्या आजाराला नाव मिळालं असतं आणि घरी दाखवायला काहीतरी हातात आलं असतं.

मी तेव्हा वीस वर्षांची होते. सत्तर सालानंतरची गोष्ट. खोपोलीजवळच्या एका कागद कारखान्यात लागून चौथा महिना चालू होता. नोकरी कच्ची. काम ऐकायला सोपं. टेबलाशी बसायचं, पांढऱ्या कागदाचा एकेक ताव उलटायचा आणि डाग, छिद्र किंवा चुणी दिसली की तो बाजूला काढायचा. असं आठ तास. वर पंखा, खाली स्टूल. आमच्या वस्तीत एवढं सुखाचं काम दुसऱ्या कुणालाच नव्हतं.

आई दुसऱ्यांच्या शेतावर मजुरीला जायची. मी दमले म्हटलं की ती हसायची. "सावलीत बसून दमतं व्हय गं कोनी? मंग आमी उन्हात राबतो ते काय?" तिचं खरंच आहे असं मलाही वाटायचं. म्हणून घरी आल्या आल्या मी पाणी भरायची, सरपण फोडायची. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं होतं. कुणी नुसतं बघितलं तरी मी उठून कामाला लागायची.

दुखणं सुरू झालं ते खोपोलीच्या शिळफाट्यावर. संध्याकाळी कामावरून सुटून उभी होते आणि कुठल्या बाजूला वळायचं तेच सुचेना. वाट विसरले नव्हते, फक्त ठरवता येत नव्हतं. पुढे रोजच तसं व्हायला लागलं. भाकरी टाकू की भात, एवढं कुणी विचारलं तरी डोळे भरून यायचे. सगळं पाण्याखालून बघावं तसं दिसायचं, माणसांचे आवाज लांबून यायचे. खरं सांगायचं तर त्या तरंगण्यात थोडी गोडीही होती. घाटावर उतरलेले ढग बघत मी रस्त्याच्या कडेला उभी राहायची आणि किती वेळ गेला ते कळायचं नाही.

मग मला नसलेले डाग दिसायला लागले. कोऱ्या कागदावर बारीक राखाडी ठिपका दिसायचा, बोट लावलं की नसायचा. तरी भीतीपोटी मी तो ताव काढून टाकायची. एके दिवशी अर्धा रीम चांगला कागद माझ्या हाताने रद्दीत गेला. सुपरवायझर म्हणाले, "डोळे तपासून या. नाहीतर पहिल्या तारखेपासून येऊ नका."

डोळे चांगले निघाले म्हणून मला मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी छातीचा एक्स-रे काढायला लावला, रक्त घेतलं आणि चार दिवसांनी बोलावलं. ते चार दिवस फार वाईट गेले. शेजारची काकू आईला हळूच म्हणाली, "पोरीला ठान्याला न्यावं लागतंय काय बग." ठाणं म्हटलं की आमच्याकडे एकच अर्थ, वेड्यांचं इस्पितळ. आईने चुलीत लाकूड सारलं. तिने काकूला झिडकारलं नाही याचीच मला जास्त भीती वाटली.

चौथ्या दिवशी डॉक्टरांनी कागद पुढ्यात ठेवले. टीबी नाही. हिमोग्लोबिन, म्हणजे रक्तातला लाल भाग, थोडं कमी, पण एवढा त्रास व्हावा इतकं नाही. "तुला झालाय तो मेंटल फटीग," ते म्हणाले. "म्हणजे मन एकाच गोष्टीवर फार वेळ धरून ठेवल्याने आलेला थकवा."

मी विचारलं, "पण मी तर बसून असते."

"तू बसतेस, तुझं मन बसत नाही. कितीतरी कागद चांगले असतात, एखादाच वाईट. त्या एकासाठी प्रत्येक कागदावर मनाला अडवून धरायचं. भटकणं हा मनाचा स्वभाव. त्याला अडवण्यातच ताकद जाते."

गूळ खाल्ला तर बरं वाटेल का, असं मी विचारलं. काकूच्या सांगण्यावरून महिनाभर खातच होते. डॉक्टर हसले. "तेवढ्याने भागलं असतं तर मी दवाखाना बंद करून गूळ विकला असता. मेंदूत नेमकं काय होतं ते आम्हालाही पुरतं ठाऊक नाही. पण थकवा खोटा नाही, एवढं नक्की. तू ढोंग करत नाहीस."

हे शेवटचं वाक्य माझं औषध होतं. त्यासाठी मी त्या डॉक्टरांची जन्मभर ऋणी आहे.

त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. तीन आठवडे रजा, वाचनसुद्धा बंद. भातकापणी चालू होती, मी आईबरोबर विळा घेऊन जायला लागले. पेंढ्याच्या वासात डोकं हळूहळू रिकामं झालं. कंबर मोडायची, पण झोप लागायची. कामावर परतल्यावर सुपरवायझरांनी कुरकुरत का होईना, मला तासभर तपासणी आणि मग थोडा वेळ गठ्ठे बांधणं असं आलटून पालटून काम दिलं. नोकरी टिकली, पुढे पक्कीही झाली.

तुमच्यापैकी कुणी परीक्षेचा अभ्यास करत असेल, कुणी दिवसभर आकडे जुळवत असेल. डोकं बधिर झालं तर मी केलेली चूक करू नका. लपवू नका. मध्येच उठा, काहीतरी हाताने करा.

पण मी खरी बरी कधी झाले म्हणाल, तर त्याच हिवाळ्यात. आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात प्रौढांचा साक्षरतेचा वर्ग सुरू झाला. आईला अंगठा उठवायची लाज वाटायची, म्हणून ती गेली. मास्तरांनी पाटीवर "गंगूबाई" असं नाव लिहून दिलं. ती तासभर तेच गिरवत होती. पेन्सिल इतकी घट्ट धरलेली की बोटं पांढरी पडली. थंडीत तिच्या कपाळावर घाम होता.

घरी येऊन ती उंबऱ्यावरच बसली. हंड्याकडे बघितलं, चुलीकडे बघितलं.

"सुमन, चूल पेटवू का आदी पानी आनू गं? मला कायच सुचत नाय."

मग तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"तुला असंच व्हायचं का गं?"

"हो."

"माजा ह्यो एक तास झाला. तुजं किती?"

"आठ."

आई उठली. मी हंड्याला हात घातला तर तिने तो काढून घेतला. "तू बस," ती म्हणाली. "पानी मी आनते."

ती विहिरीकडे गेली आणि मी बसले. कितीतरी महिन्यांनी त्या घरात मी लाज न वाटता बसले होते.