वानखेडेबाईंचं झाकलेलं यंत्र

नारायण पेठेतल्या वानखेडेबाईंच्या दवाखान्यात दात कोरायच्या यंत्रावर कायम एक फुलाफुलांचा अभ्रा घातलेला असे. हलवायानं कढई पालथी घालून बसावं, तसलाच प्रकार! मी पहिल्याच दिवशी विचारलं, "बंद आहे का हो?"

"चालू आहे. अभ्रा काढायला कारण लागतं," बाई म्हणाल्या.

बाई मूळच्या अमरावतीच्या. पंचवीस वर्षांत बोलणं पक्कं पेठेतलं झालेलं, पण पारा चढला की वऱ्हाडी वर यायची.

मी तेव्हा हिंजवडीत सॉफ्टवेअरच्या नोकरीत होते. दीड महिन्यात मुक्ताला, माझ्या सात वर्षांच्या मुलीला, घेऊन दोन वर्षांसाठी अमेरिकेला जायचं होतं आणि नेमका शाळेतल्या तपासणीत तिच्या मागच्या दाढेवर डाग निघाला. मी म्हटलं, दुधाचीच तर आहे, पडेल.

"दुधाची?" बाई कडाडल्या. "अहो, ही सहाव्या वर्षी मागून गुपचूप येते. एकही दात पाडत नाही, म्हणून आयांना पत्ता नसतो. ही म्हातारपणापर्यंत पुरवायची आहे तिला."

त्यांनी हवा मारून दाढ कोरडी केली आणि आरसा मुक्ताच्याच हातात दिला. खडूचं बोट लागावं तसा पांढरा ठिपका होता. खड्डा नव्हता.

"मग आजच कोरून भरून टाका ना," मी घड्याळाकडे बघत म्हटलं.

"घाई कायले करून राहिल्या?" आली वऱ्हाडी! "एकदा कोरलं की ते भरणं जन्मभर बदलत बसा. दर वेळी दाढ थोडी कमीच होणार. कीड अजून दारात आहे, दारातूनच परत पाठवू."

मग त्यांनी मुक्ताला दिवसभराचं खाणं विचारलं. कार्टीनं सगळं सांगितलं: आई ऑफिसातून आली की क्रीमचं बिस्किट, गोष्ट ऐकताना दुसरं, झोपताना चॉकलेट. दिवसभर घरी नसल्याची भरपाई मी अशी करायची. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"म्हणजे दाढेला सुट्टी कधी?" बाईंनी मुक्तालाच विचारलं. डागावर औषध लावलं, खाचा पातळ लेपानं बुजवल्या. "तीन महिन्यांनी दाखवा."

"तेव्हा मी इथे नसेन!"

"मग तुम्ही जा. दाढ ठेवून जा."

मी तणतणत बाहेर पडले आणि दुसऱ्या एका चकाचक दवाखान्यात शनिवारची वेळ घेतली. कोरून मोकळं व्हायचं! शुक्रवारी, त्या आठवड्यात पहिल्यांदाच ती जागी असताना, घरी आले आणि सवयीनं पर्समधून बिस्किटाचा पुडा काढला. मुक्तानं हात मागे घेतला.

"आई, दाढेची सुट्टी चाललीय."

आठवडाभर पोरीनं नेम पाळला होता, आणि मी तो मोडायला निघाले होते. शनिवारची वेळ मी रद्द केली. सोमवारी ऑफिसात तीन महिने मुदत मागितली, तर जागा सरळ दुसऱ्याला गेली. फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? बाईंवर वर्षभर धुमसत होते. पण दर तीन महिन्यांनी मुक्ताला घेऊन त्यांच्या पायऱ्या चढत होते. ठिपका वाढला नाही. पुढे तो कडक आणि चकचकीत झाला. मुक्तासाठी तो अभ्रा कधीच निघाला नाही.

बाई गेल्या, त्याच्या महिनाभर आधी आम्ही दोघी त्यांना भेटायला गेलो होतो. दवाखाना केव्हाच बंद झाला होता, मुक्ता नोकरीला लागली होती.  चहा यायच्या आत बाईंनी मला बॅटरी धरायला लावली आणि मुक्ताला म्हणाल्या, "तोंड उघड."

धुतलेल्या रुमालाच्या टोकानं त्यांनी दाढ पुसली आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"आहे तेवढाच आहे," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "जा आता अमेरिकेला."