कानाच्या टप्प्यातला वारा

माझी मावशी दोन कामं मन लावून करायची, शिवणकाम आणि भिणं. काकांना श्वासाचं यंत्र लागल्यापासून तर तिचा जीव टांगणीलाच होता. वीज कधीही जायची. यंत्राची घरघर थांबली की हिचे हातपाय गार पडायचे.

म्हणून घरापुरती छोटी पवनचक्की लावायचं ठरलं. शेजारचे मास्तर म्हणाले, "आधी काठ्यांना कापडी फिती बांधून वारा कुठे जास्त ते तपासा. काठ्या सारख्या, फिती सारख्या, वेळ तीच, बघणारे डोळेही तेच. बदलायची ती फक्त जागा."

मावशीने फिती अशा कापल्या की एका सुताचा फरक नाही. तीन ठिकाणी काठ्या रोवल्या. आठवडाभर पाहिलं, तर फिती आपल्या माना टाकून लोंबताहेत. मला तर संतापच आला.

मास्तरांनी येऊन पाहिलं. "ताई, तिन्ही काठ्या घराच्या आडोशाला? परसाच्या टोकाला एवढा उंचवटा आहे, तिथे का नाही लावली?"

मावशीने मान खाली घातली. "तिथून यंत्र ऐकू येत नाही."

दुसऱ्या दिवशी चौथी काठी उंचवट्यावर लागली. फिती बघायच्या वेळी मी म्हटलं, "मी जाऊन येते." पण बघणारे डोळे तेच हवेत ना! "तू यांच्यापाशी बस," ती म्हणाली, "जागची हलू नकोस." मागे वळून वळून बघत ती गेली.

ती तिथे पोचते न पोचते तोच वीज गेली आणि यंत्र बंद पडलं. माझ्या तोंडचं पाणी पळालं. अशा वेळेसाठी ठेवलेल्या ऑक्सिजन सिलिंडरची चावी कशी फिरवायची ते मला दहादा दाखवलं होतं, पण बोटं ऐकतील तर ना. शेवटी एकदाची फिरली. मी काकांना मास्क लावला आणि खिडकीकडे धावणार, तर त्यांनी माझं मनगट धरलं. हात बर्फासारखा गार. घाबरले तेही होते, डोळ्यांत दिसत होतं.

"हाक मारू नकोस," ते धापा टाकत म्हणाले. "तिला नीट बघू दे."

खिडकीतून ती पाठमोरी दिसत होती. तेवढा वेळ सरता सरेना.

परतली ती दारातच थबकली. घरात घरघर नव्हती. चेहरा पांढराफटक पडला, तिने चौकट घट्ट धरली.

काकांनी मास्क बाजूला केला. "आधी सांग, फीत किती ताणली?"

"पार आडवी," ती म्हणाली आणि मगच रडायला लागली.