हन्नामावशीला आम्ही बाहेर काढलं

हन्नामावशीच्या क्लासचं कुलूप माझ्या पप्पांनी बदललं.

गेल्या आठवड्यात मावशी गेली. तिचा शिवा, म्हणजे आम्हा ज्यूंच्या रीतीने घरी सात दिवस दुखवट्याला बसणं, काल संपला. तिच्याबद्दल सगळे छान छान पोस्ट करताहेत. म्हणून मी हे लिहितेय.

नात्याने ती माझी कुणी नाही. इथे इस्रायलमध्ये, लोद गावात, आमच्या मागच्या बिल्डिंगमध्ये राहायची. सगळ्यांचीच मावशी.

मुंबईत पंच कार्डांच्या जमान्यात प्रोग्रॅमर होती. इथे आल्यावर आधी फॅक्टरीत सोल्डरिंग केलं, मग एका छोट्या कंपनीत लागली. घरच्या कम्प्युटरवर हिब्रू उजवीकडून डावीकडे नीट उमटावं म्हणून जे पहिले लोक डोकं फोडत होते, त्यात ती होती.

मग तिला खाज सुटली, की एकाच ओळीत हिब्रू आणि मराठी दोन्ही यायला पाहिजे.

“एक इकडून येते, एक तिकडून. मधे कर्सर बिचारा घाबरतो,” म्हणायची.

मराठी अक्षरं तिने स्वतः काढली, एकेक ठिपका मांडून. ‘क्ष’ तिला कधीच आवडला नाही. शेवटपर्यंत दुरुस्त करत होती.

नव्वदच्या सुमाराला आम्हा महाराष्ट्रातून आलेल्या ज्यूंच्या क्लबच्या मागच्या खोलीत तिने क्लास सुरू केला. ऑफिसांनी टाकून दिलेले कम्प्युटर आणायचे, उघडायचे, जोडायचे. फी नाही. फोनलाइनसाठी नगरपालिकेत इतके खेटे घातले, की तिथला क्लार्क तिला बघून चहाला पळायचा.

पण तिचा खरा हट्ट वेगळा होता.

“अर्ज दुसऱ्याकडून लिहून घ्यायचा नाही. आपला अर्ज आपण टाइप करायचा. मग ऑफिसात मान खाली जात नाही.”

माझी आजी सत्तरीत टाइप करायला शिकली. आधी पेन्शनचा अर्ज. मग ठाण्याच्या बहिणीला ईमेल. पहिली ओळ: “माझे गुडघे बरे नाहीत, तुझे कसे?”

मग क्लासला रीम यायला लागली.

रीम रेल्वेलाइनच्या पलीकडची. अरब. एका दवाखान्यात साफसफाई करायची, पदरात लहान मूल. तिला तिथेच रिसेप्शनला बसायचं होतं. मावशीने तिला आजीच्या बाजूची खुर्ची दिली. दोघी एकमेकींचे मॉनिटर बघून हसायच्या.

तेव्हा बसमध्ये पॅलेस्टिनी अतिरेक्यांचे बॉम्बस्फोट होत होते. घराघरात भीती होती, हे मी नाकारत नाही. पण भीती बॉम्बची होती आणि राग निघाला रीमवर.

क्लबच्या कमिटीची मीटिंग झाली. पप्पा चेअरमन. त्यांनी मावशीला आमच्या घरी बोलावलं. मी इथल्या सक्तीच्या आर्मी सर्व्हिसमधून सुट्टीवर आले होते, किचनमध्ये होते. सगळं ऐकू येत होतं.

“हन्नाबाई, तिला सांगा येऊ नको म्हणून. लोक प्रेशर आणतायत.”

“कोण लोक? नावं सांग, डॅनियल.”

पप्पांनी चहाचा कप तिच्यापुढे सरकवला.

“तिने काही केलंय?”

“तिने नाही केलं. पण वातावरण बघा ना.”

“वातावरण मी बघतेय. तू तिच्याकडे बघ. एकदा क्लासला ये आणि तिच्याकडे बघ.”

पप्पा गेले नाहीत. कुलूपवाल्याला घेऊन गेले.

कम्प्युटर बाहेर जिन्याखाली ठेवले होते. मावशीने ते सुपरमार्केटच्या ट्रॉलीतून, फेऱ्या मारत, आपल्या घरी नेले. दिवसाढवळ्या. सगळ्या बाल्कन्यांत माणसं होती. खाली कुणी उतरलं नाही.

फक्त आजी उतरली. कीबोर्ड काखेत मारून मावशीच्या मागे चालत गेली. पप्पांनी वरून हाक मारली, तिने वर बघितलं नाही.

पुढची कितीतरी वर्षं क्लास मावशीच्या हॉलमध्ये चालला. सोफा विकून टाकला तिने. कुणीतरी खिडकीची काच फोडली. तिने पुठ्ठा लावला आणि शिकवत राहिली. रीम रिसेप्शनला लागली. पुढे त्याच दवाखान्याचं सगळं कम्प्युटरचं काम बघायला लागली.

खोली? तिच्यात क्लबच्या खुर्च्या ठेवल्या. आजही तेच आहे तिथे.

परवा शिवा चालू असताना पप्पांना मी मावशीच्या घरी घेऊन गेले. आता काठी लागते. दारापर्यंत आले आणि थांबले. आत जाईनात. लोक बघायला लागले. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

आतून पाण्याचा ट्रे घेऊन एक बाई आली. केस पिकलेले. मी ओळखलं नाही.

ती मराठीत म्हणाली, “आत या, काका. बसा.”

पप्पांनी हिब्रूत विचारलं, “मला ओळखतेस?”

“ओळखते ना,” रीम म्हणाली आणि खुर्ची पुढे केली.

पप्पा बसले. पाण्याचा ग्लास हातात धरून बसले, प्यायले नाहीत.

मावशी, तुला गुणी, हुशार, मोठी म्हणायला आम्ही सगळे आज पुढे आलोय. तेव्हा एक जिना उतरलो नाही.

माफी मागायला तोंड नाही. शांत झोप.