देशीच्या बाटलीतला कोरा चहा

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, मध्ये मी थांबणार नाही. दारूचा थेंब न घेतलेल्या एका बाईनं ऐन मतदानाच्या दिवशी, शाळेच्या फाटकात, पोलिसांदेखत बाटली तोंडाला लावली, त्याची ही हकिकत. ती बाई मीच.

आमचं गाव सोनईपासून जवळच. गावात देशी दारूचं दुकान होतं आणि ते बंद करायला बायकांचं मतदान लागलं होतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. इथवर सोपं आहे, मेख पुढं आहे. यादीत जेवढ्या बायका असतील, त्यातल्या निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारायचा. जी घरी बसली, तिचं मत दुकानदाराच्या पदरात पडल्यासारखंच.

हे सगळं उभं केलं माझ्या शेजारच्या विमलनं. तिच्या नवऱ्यानं आधी घरातली भांडी, मग दुभती गाय दारूत घालवली होती. या खेपेला दुकान राहिलं तर लेकरं घेऊन कायमची माहेरी जाईन, असं तिनं मला एकटीला सांगून ठेवलं होतं. मी गावात ब्लाऊज शिवते, बायकांचं येणं-जाणं असतं, म्हणून शिक्का कुठं मारायचा हे समजावण्याचं काम माझ्याकडे आलं.

म्हाताऱ्यांना कागदावरचं चित्र उमगेना. मग मी दुकानामागच्या पाण्याच्या चारीतून काठीनं एक रिकामी बाटली ओढून काढली आणि राखेनं घासली. पण वारा असा, की मी "ही बघा उभी" म्हणेपर्यंत बाटली आडवी! पाणी भरलं, तर वस्तीवरच्या सखूमावशींनी विचारलं, "पान्यावर कशापायी बंदी गं बाई?"

म्हणून मी कोरा चहा भरला. रंग अगदी जमला, असं माझं मला वाटलं. देशी दारू पाण्यासारखीच दिसते, हे मला कुठून ठाऊक असणार? माझ्यासमोर बसलेल्या निम्म्या बायकांना ठाऊक होतं, पण शिकवणाऱ्या बाईला कोण सांगणार?

मतदानाच्या आदल्या संध्याकाळी वस्तीवरून परतले आणि बाटली पिशवीतच राहिली. सकाळी तीच पिशवी घेऊन मी शाळेत मत द्यायला निघाले.

केंद्रावर शुकशुकाट होता. कांदा काढायचे दिवस, वस्तीवरच्या बायका रानात. विमल फाटकाबाहेर लिंबाखाली उभी होती. ती नुसती रिकाम्या रस्त्याकडे बघत होती. मला तिच्याकडे बघवेना, म्हणून घाईनं फाटकात शिरले.

फाटकावरच्या पोलीस जमादारांनी पिशवी उघडायला लावली. मी निवांतपणे उघडली. आणि मग आम्ही दोघंही त्या पिशवीत बघत राहिलो.

"बाई, आज ड्राय डे हाय," ते हळूच म्हणाले.

मी म्हटलं, चहा आहे. त्यांनी झाकण काढून वास घेतला. राखेनं बाहेरून कितीही घासली तरी आतला वास कुठं जातो? रात्रभरात चहानं तो पुरता पिऊन घेतला होता. जमादारांच्या भुवया टोपीत गेल्या.

"देशीच्या बाटलीत इंग्लिश? भेसळीचा धंदा हाय का काय? परमिट हाय?"

इथं जरा थांबून सांगते. आपल्या राज्यात दारूबंदीचा कायदा स्वातंत्र्य मिळाल्यावर लगेच आला. आधी बंदी कडक होती, मग हळूहळू परवाने आले, दुकानं आली. पण कायदा काही गेलेला नाही. कागदोपत्री आजही प्यायची तर परवाना लागतो, आणि तो म्हणे प्रकृतीसाठी. आमच्या गावात इतकी वर्षं इतके जण प्याले, परवान्यावाचून कुणाचं अडलं नाही. तो पहिल्यांदा मागितला गेला, तो माझ्याकडे.

तोवर फाटकाशी माणसं जमली. त्यांत दुकानदाराचा मेहुणा होताच. त्यानं मोबाईल वर धरला आणि म्हणाला, "चालू द्या, ताई."

दारूबंदीवाली बाई बाटलीसकट सापडली, हे गावभर झालं तर उरलेल्या बायका कशाला येतील? आणि विमलनं काय करायचं? डोकं चालेना. आणि डोकं चालेना तेव्हा माणूस जे करतो, ते मी केलं. जमादारांच्या हातातली बाटली घेतली आणि चहाच आहे हे दाखवायला गटागटा प्याले.

तो चहा आंबला होता. त्यात बाटलीचा मूळ स्वभाव उतरला होता. माझं तोंड वाकडं झालं, डोळ्यांत पाणी आलं, अंगावर शहारा आला आणि मी पदरानं तोंड पुसलं. थोडक्यात, पहिला घोट घेतल्यावर पुरुष जे जे करतात, ते सगळं मी क्रमानं केलं.

जमादार शांतपणे म्हणाले, "ह्यानं काय सिद्ध झालं, बाई? पिनारे बी असंच पितात."

गलका ऐकून केंद्रावरच्या अधिकारी मॅडम बाहेर आल्या. त्यांनी उरलेला चहा तळहातावर ओतला. चहापत्ती निघाली, पाठोपाठ आल्याचा तुकडा निघाला. त्यांनी तो हुंगून पाहिला आणि मला आत सोडलं. मी मत दिलं. पण व्हिडिओ आल्याच्या तुकड्याआधीच संपला होता आणि गावभर, वस्तीवरही पोचला होता.

दुपारभर मी विमलशेजारी मान खाली घालून बसले. ती एकदाच बोलली, "जाऊ दे, ताई. आपलं नशीब." ती चिडली असती तर बरं वाटलं असतं.

मतदान संपत आलं आणि वस्तीच्या रस्त्यानं ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत खच्चून बायका, हात कांद्याच्या मातीनं भरलेले. मागून दुसरी ट्रॉली. सखूमावशी उतरल्या त्या थेट माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"चांगली शिकलेली बाई तू. तुला बी लागली व्हय गं?"

"मावशी, चहा होता तो."

"आमचा म्हातारा बी मरंस्तवर चहाच म्हनत हुता." त्या मागं वळून बायकांना म्हणाल्या, "बघताय का? हिच्यासारखी बी बाटलीला लागली. आता ते दुकान ठिवायचंच न्हाई. चला."

मी उठून प्रत्येकीला खरं सांगू लागले. कुणी माझ्या पाठीवरून हात फिरवला, कुणी डोळे पुसले. एक म्हणाली, "सुटंल ताई, समदं सुटंल." आणि रांग दारापर्यंत गेली.

बाटली आडवी झाली. दुकानाला टाळं लागलं, विमल माहेरी गेली नाही.

पुढच्या ग्रामसभेत नारळ देऊन सत्कार झाले. दारूबंदी केली म्हणून विमलचा झाला.

माझा झाला, दारू सोडली म्हणून.