नमुन्याचा खराटा

"स्वल्प गुडिसि तोरिसम्मा."

साहेब हसत म्हणाले. जरा झाडून दाखव बाई.

बेंगळुरूच्या बाहेर, बसनं जावं लागतं असं एक छोटं शहर. तिथली नगरपालिका. रस्ते झाडायला वर्षभराचे खराटे घ्यायचे म्हणून टेंडर निघालेलं. आधी नमुना बघणार. नमुना पास झाला तरच दराचं पाकीट उघडणार. पाकीट म्हणायचं नुसतं, असतं सगळं कॉम्प्युटरवर.

टेबलावर सगळ्यांचे खराटे ओळीनं मांडलेले. साहेबांनी पहिला उचलला. नारळाचे हीर वाकवून बघितले, दांडा हलवून बघितला. "सरी." ठीक आहे. दुसरा उचलला. "सरी." ज्यांचे खराटे ते खुर्च्यांवर बसलेले. इस्त्रीचे शर्ट, मांडीवर बॅगा. माझ्या खराट्यापाशी आल्यावर साहेबांनी विचारलं, हा कुणाचा?

मी उठले. पण माझ्याआधी अण्णा बोलले.

अण्णा म्हणजे बेंगळुरूच्या चिकपेटेत झाडू-सुंभाचं होलसेल दुकान असलेले माझे शेठ. घरात मराठी बोलतात, निम्मी कन्नड घालून. ते कौतुकानं म्हणाले, "ही जातीचीच आहे सर. झाडू वळणं हिच्या रक्तात आहे."

"हौदा?" साहेबांच्या भुवया वर गेल्या. असं का? आणि मग ते झाडून दाखव म्हणाले.

मी अण्णांकडे बघितलं. अण्णांनी मान हलवली. "झाड गं पोरी. साहेबांचं मन राख."

मी झाडलं. पदर खोचला आणि त्या हॉलचा कोपरा धरला. थोडं झाडून थांबले तर साहेब म्हणाले, तिकडे पण. मी तिकडे झाडलं. खुर्च्यांखाली झाडलं. बसलेल्यांनी पाय उचलले. उठलं कुणी नाही. पाय तेवढे उचलले, अधांतरी धरले, आणि आपसात बोलत राहिले. माझा खराटा त्यांच्या बुटांखालून गेला. कचरा दारापाशी गोळा केला आणि मी म्हणाले, "थँक्स सर."

हो. थँक्स म्हणाले. मला भीती होती, म्हटलं नाही तर नापास करतील.

नमुना पास झाला.

कचरा घेऊन बाहेर आले तर पायरीवर मुनियम्मा बसलेली. नगरपालिकेचीच सफाई कामगार. ती दारातून सगळं बघत होती. कन्नडमध्ये म्हणाली, "अक्का, हा हॉल झाडायचा मला पगार आहे. तुला काय दिलं?"

काही नाही, मी म्हणाले.

"फुकट झाडलंस? मग उद्या मला म्हणतील, ती बघ, हसत झाडत होती."

हसत नव्हते मी. पण लांबून तसं दिसलं असेल.

गावाकडं आम्ही मांग. उदगीरच्या बाजूला. आई शिंदीच्या पानांच्या केरसुण्या वळायची. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला घरोघरी नवी केरसुणी लागते. तीच लक्ष्मी. तिला हळदकुंकू, तिला फूल. आई ती घेऊन जायची आणि उंबऱ्याच्या बाहेर ठेवायची. आतून बाई यायची, केरसुणीवर पाणी शिंपडायची, मग उचलायची. आईच्या हाताचं धुऊन निघालं की ती लक्ष्मी व्हायची. मी आईच्या मागं उभी असायची. मला वाटायचं, पूजेची रीतच असेल पाण्याची. आईला विचारलं तर म्हणाली, "चल, अजून लई घरं राहिलीत."

सातवीत शाळा सुटली. लग्न झालं. घरधनी सेंट्रिंगच्या कामाला बेंगळुरूला आले, मागं मी आले. भाषा येईना, बसवरचा बोर्ड वाचता येईना. रेशन कुठं, दवाखाना कुठं, काही ठाव नाही. राजाजीनगरच्या मागच्या एका गल्लीत खोली मिळाली आणि अण्णांच्या दुकानात काम मिळालं. अण्णा मराठी बोलले तेव्हा मला रडू आलं. परमुलखात आपली भाषा म्हणजे माहेरच.

अण्णांनी मला उभं केलं हे मी नाकारत नाही. पुढं मी घरी खराटे बांधून त्यांनाच विकायला लागले, तेव्हा माझ्या नावानं धंदा नोंदवायला तेच घेऊन गेले. जीएसटी, डिजिटल सही, पोर्टलवर कुठलं बटण दाबायचं, अनामत कशी भरायची, सगळं त्यांनी शिकवलं. टेंडरला मागच्या पुरवठ्याचा दाखला लागतो. नव्या माणसाला तो मिळणार कुठून? अण्णांनी लिहून दिला की ही मला माल देते, चांगला देते. तो कागद नसता तर मी त्या हॉलच्या दारातसुद्धा उभी राहिले नसते. म्हणून ते झाड म्हणाले आणि मी झाडलं.

परत येताना बसमध्ये अण्णा खुशीत होते. "बघ, साहेबांची ओळख झाली. गव्हर्नमेंटचं काम असंच. स्वल्प अ‍ॅडजस्ट करायचं."

मी हो म्हणाले. खिडकीबाहेर बघत राहिले. मला बूट दिसत होते. अधांतरी धरलेले बूट. आणि उंबऱ्यावरचं पाणी. इतकी वर्षं मी गाव आणि हे शहर दोन वेगळे मुलूख समजत होते.

त्या वर्षी दरात मागं पडले. काम दुसऱ्याला गेलं.

वर्षभर मी गप्प बसले नाही. तुमकूरकडच्या नारळाच्या बागांतून हीर थेट आणायला लागले. गल्लीतल्या बायका खराटे बांधायला बसल्या. कुणाचा नवरा गेलेला, कुणाला धुण्याभांड्याच्या घरातून काढलेलं. मी त्यांना शब्द दिला होता, काम मिळालं तर वर्षभर हाताला काम राहील. या खेपेला माझा दर बसणार हे मला माहीत होतं. फक्त नमुना पास व्हायला हवा होता.

टेंडर परत निघालं. तोच हॉल. तेच टेबल. अण्णाही सोबत.

साहेबांनी ओळखलं. "ओहो, पोरके अम्मा!" झाडूवाली बाई. हॉलमध्ये हशा पिकला. इतरांचे नमुने हातानं बघून झाले. सरी, सरी, सरी. मग माझ्याकडे बोट. "बा अम्मा, गुडिसु." ये, झाड. मागच्या वर्षीचा "स्वल्प" आता गेला होता.

पुढच्या रांगेतल्या एकानं तर मी हलायच्या आधीच पाय उचलले.

ते पाय बघितले आणि माझ्या आतलं काहीतरी ताठ झालं. गल्लीतल्या बायका डोळ्यांसमोर होत्या. मला वाटलं, झाडावं, पटकन उरकावं, पास व्हावं. पण पाय जागचे हलले नाहीत.

मी मोडक्या कन्नडमध्ये म्हणाले, "सर, मी माल विकायला आलेय."

"हो मग? माल दाखव."

"टेबलावर आहे. बाकीच्यांचा बघितला तसा बघा."

कुणीतरी खोकलं. साहेबांचा चेहरा बदलला. "झाडल्याशिवाय कसं कळणार?"

"मग सगळ्यांनी झाडू दे. पुढच्या रांगेतले हे आधी, मग ते. त्यांचं झालं की मी झाडते."

पाय उचललेल्यानं पाय खाली ठेवले.

अण्णा उठले. कानाशी येऊन म्हणाले, "वेड लागलं का तुला? माफी माग. मी इथवर आणलं तुला."

"तुम्ही आणलंत अण्णा. विसरणार नाही. पण झाडणार नाही."

"मग दाखला परत दे माझा."

"द्यायला लागला तर देईन."

साहेब म्हणाले, "नमुना नापास."

मी म्हणाले, "कारण लिहून द्या. सही करून."

त्यांना वाटलं, ही घाबरून निघून जाईल. मी गेले नाही. बसायला कुणी सांगितलं नव्हतं, तरी रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसले. शेवटी त्यांनी लिहिलं, झाडून दाखवण्यास नकार. टेंडरच्या अटींत झाडून दाखवायचं कुठंच नाही. वर्षभरात मी कन्नड अक्षरं शिकले होते, अटी बोट लावून लावून वाचल्या होत्या. तो कागद जोडून मी वरच्या कचेरीत अपील केलंय. निकाल यायचाय.

अण्णांच्या दुकानातलं काम सुटलं. गल्लीतल्या दोघी बायका बोलत नाहीत माझ्याशी. एक म्हणाली, "एवढं काय झालं असतं जरा झाडलं तर? आमचं पोट होतं त्यात." मी तिला म्हणाले, "आज मी झाडलं, तर उद्या तुझ्या पोरीला झाडायला लावतील. परीक्षा पास होऊन नोकरीला गेली तरी."

भीती गेलेली नाही. फोन वाजला की अपिलाच्या तारखेचाच आला असं वाटतं. येऊ दे. खराटे बांधायचे थांबवले नाहीत. पुढचं टेंडर निघालं की भरीन. नमुना टेबलावर ठेवीन, सगळ्यांच्या ओळीत, आणि खुर्चीवर बसेन.

पास केलं तर माल देईन. नापास केलं तर कारण मागीन. झाडणार नाही.